कोकणातील जुन्या खाणींच्या अवशेषांसाठी गटाने शोधमोहीम कशी आखावी

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातील कोलोमा येथे, लाकूड कापण्याच्या गिरणीसाठी खणलेल्या चरात जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण दिसले आणि १८४९ पासून जगाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे तिकडे लोटली. बहुतेकांच्या हाती सोने फारसे लागले नाही. मागे राहिल्या त्या त्यांच्या छावण्या, आणि छावण्यांच्या उकिरड्यांत डाग देऊन बंद केलेले पत्र्याचे डबे, चौकोनी खिळे, औषधाच्या बाटल्या, खोऱ्यांची झिजलेली पाती. तिकडची हौशी मंडळी आज गट करून या वस्तू खणून काढतात, त्याच्या चित्रफिती आपल्याकडची मुले मोबाइलवर पाहतात, आणि ‘आपल्या रेडीच्या खाणीवर असे काही करता येईल का’ असे विचारतात. हा प्रश्न मला सिंधुदुर्गात अनेकांनी विचारला आहे आणि त्याचे उत्तर सविस्तर देण्यासारखे आहे.

उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यात कुदळीचा क्रमांक अगदी शेवटी लागतो आणि बहुतेक मोहिमांत तो लागतच नाही. अमेरिकेतही केंद्र सरकारच्या जमिनीवरील शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्याशिवाय काढणे १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. चित्रफितींत दिसते ती खणाखण सहसा खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने चाललेली असते. आपल्याकडचे कायदे याहून कडक आहेत. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते, कारण खाणीवरची वस्तू जिथे पडली आहे तिथेच बोलते. तिथून उचलली आणि जागा विसरली की तिची किंमत भंगारवाला वजनावर देईल तेवढीच.

कोकणात शोधण्यासारखे काय आहे

कोकणात सोन्याची खाण नाही, हे सोबत्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे; पुढचे निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. जे आहे ते तीन प्रकारचे आहे, आणि एका मोहिमेत एकच प्रकार घेतलेला बरा.

पहिला प्रकार लोखंड गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांचा. जांभ्यात, म्हणजे कोकणातल्या तांबड्या, भोकाभोकांच्या दगडात, मुळातच लोहाचे प्रमाण मोठे असते, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर व उतारांवर धावड लोक असे खनिज कोळशावर गाळून लोखंड काढत असत. महाबळेश्वरच्या परिसरातील हा धंदा एकोणिसाव्या शतकात जंगलांचा बंदोबस्त सुरू होऊन कोळसा मिळेनासा झाल्यावर बसला. भट्टी पावसापाण्याने विरघळून जाते, पण तिच्यातून वाहून गोठलेली धातुमळी शेकडो वर्षे तशीच राहते. दुसरा प्रकार चिरेखाणींचा. यंत्राचे पाते येण्यापूर्वी चिरा, म्हणजे जांभ्याचा बांधकामाचा दगड, हातानेच काढीत आणि तासून चौरस करीत; आपली घरे, विहिरी, देवळे, पाणंदींचे गडगे या चिऱ्यांवर उभे आहेत, तरी जुन्या चिरेखाणीकडे ऐतिहासिक जागा म्हणून कोणी पाहत नाही. तिसरा प्रकार विसाव्या शतकातील खनिजांच्या खाणींचा. रेडीला लोहखनिज निघाले आणि ते तिथल्याच बंदरातून बोटींनी बाहेर गेले. कणकवली तालुक्यात जानवली-वागदे भागात क्रोमाइट, तर कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघाली. रेडीचा द्विभुज गणपती १९७६ मध्ये खाणीच्याच जागेत सापडला हे तर सर्वश्रुत आहे.

नवख्या गटाने मी तरी चिरेखाण किंवा धातुमळीची जागा निवडावी असे सुचवीन. तिसऱ्या प्रकारातल्या जागा मोहात पाडणाऱ्या असल्या तरी त्या भाडेपट्ट्याच्या कटकटीत अडकलेल्या असतात, शिवाय धोकादायक असतात. त्यांचा विचार पुढे केला आहे.

आधी कागद, मग वाट

पहिला महिना घरात बसून करायच्या कामाचा समजावा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीचा खंड १८८० मध्ये छापला गेला आणि तो संगणकावर वाचायला मिळतो. त्यातील खनिजे, व्यापार आणि गावांची वर्णने या प्रकरणांतून आपल्या तालुक्याचे उल्लेख उतरवून काढावेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात संस्थानी व इलाख्याच्या काळातील कागद आहेत. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळतो, आणि खरा खजिना मला या नकाशात दिसतो, कारण कोकणात प्रत्येक तुकड्याला नाव असते. भट्टी, लोहार, धावड, खाण, कोळसा यांपैकी काही ज्या ठिकाणाच्या नावात येते त्यावर पेन्सिलने गोल करावा. नाव फसवे निघू शकते, कारण भट्टी चुन्याची, काजूची किंवा दारूचीही असते. तरीही सुरुवात करायला याहून चांगले साधन नाही.

त्यानंतर सातबारा. ज्या जमिनीवर पाऊल टाकायचे तिचा गट क्रमांक व हिस्सा काढून उतारा पाहावा आणि इतर हक्कांचा रकाना डोळ्यांत तेल घालून वाचावा. कोकणातल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदार असणे नेहमीचे आहे आणि त्यांतले निम्मे मुंबईला असतात. गावातल्या एका भावाने ‘जावा बिनधास्त’ म्हटल्याने बाकीच्यांची संमती मिळाली असे होत नाही. ‘खाजगी वन’ अशी नोंद असेल तर वनविभागाकडे गेल्याशिवाय काही करू नये. सिंधुदुर्गात आकारीपड, म्हणजे सारा थकल्याने सरकारजमा झालेल्या, जमिनी आहेत, आंबोली-गेळे-चौकुळ भागात कबुलायतदार गावकर, म्हणजे गावकऱ्यांनी सामाईक कसलेल्या, जमिनींचा प्रश्न आहे. तिथे मालक कोण यावरच वर्षानुवर्षे वाद चालू असताना मोजपट्टी घेऊन फिरणारे दहा अनोळखी लोक कोणालाही संशयास्पद वाटणारच. खाणपट्ट्याची जागा असेल तर जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून पट्टा चालू आहे की संपला याची लेखी माहिती घ्यावी. खाण बंद दिसते म्हणून ती बेवारस झालेली नसते, आणि तिथला गंजका रूळ उचलणे ही साधी चोरी ठरते.

कायद्यांपैकी चार गोष्टी गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हव्यात. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावी लागते. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचा भाग प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा भाग नियंत्रित ठरवला आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग वा विजयदुर्ग किल्ल्याच्या आसपास हात लावण्याचा विचारच करू नये. राज्य-संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा राज्याचा वेगळा कायदा आहे. आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यवहार मनमानी करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

आखणी झाली की राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी विभागाला एक साधे पत्र द्यावे: आम्ही इतके जण, या गट क्रमांकाच्या जमिनीत, या तारखांना, न खणता, केवळ पृष्ठभागावरील अवशेषांची नोंद करणार आहोत. पत्राची पोच घ्यावी. ही पोच खिशात असली की पोलीस पाटलांशी बोलणे फार सोपे जाते.

गावाशी बोलणे

ग्रामपंचायतीला पत्र द्यावेच, पण गावात पत्राने काम होत नाही. जाऊन बसावे लागते. सरपंच, पोलीस पाटील, देवस्थानचे मानकरी आणि जमिनीचे मालक या चौघांकडे मोहिमेच्या आधी किमान दोनदा जावे, तेही दोघांनीच; दहा जणांचा घोळका ओटीवर आला की कोणीही गप्प होते. बोलण्याची खरी संधी गणपतीच्या दिवसांत असते, कारण मुंबईचे चाकरमानी घरी असतात, चार पिढ्या एका पडवीत बसलेल्या असतात आणि आजोबांना कोणीतरी ऐकणारे हवे असते. शिमग्यात मात्र गावाला वेळ नसतो.

एका गावात मी खाणीत उमेदीची वर्षे घालवलेल्या एका काकांना विचारले, तेव्हा ते आधी म्हणाले, “खाणीत आता काय गावतला? सगळो माल बोटीन गेलो.” मग तासाभराने तेच मला शाळेकडे घेऊन गेले. व्हरांड्यात तारेने टांगलेला लोखंडाचा हातभर तुकडा होता आणि त्यावर हातोडीने ठोका मारून शाळेची घंटा वाजत होती. तो खाणीतल्या डब्यांच्या अरुंद मार्गावरचा रूळ होता. वरची कड ठोक्यांनी चकचकीत झालेली, खालच्या पायाला दोन बाजूंना खिळ्याच्या डोक्याने पडलेली खाच, आणि टोकाला करवतीने कापल्याच्या रेघा. आम्ही त्याची रुंदी-उंची मोजली, छायाचित्र घेतले, कोणी कधी आणला ते काकांच्या शब्दांत लिहून घेतले आणि तो तसाच वाजत राहू दिला. खाणीवरच्या वस्तू गावात अशा वापरात असतात: पाट्याखालचे लोखंड, गोठ्याच्या दाराची कडी, विहिरीवरची पोलादी दोरी. यादीत त्यांची नोंद सर्वांत आधी व्हावी.

गुप्तधनाची शंका मात्र पहिल्याच दिवशी मोकळेपणाने काढून टाकावी. खड्डे, कंदील आणि बाहेरची माणसे असा मेळ दिसला की गावात ‘धन काढतत’ अशी कुजबुज सुरू होते, आणि गुप्तधनाच्या नावाखाली काय काय अघोरी घडले आहे ते २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत त्याचा उल्लेख येतो यावरूनच कळते. म्हणून काम फक्त दिवसाउजेडी करावे. धातुशोधक यंत्र आणू नये. ते किणकिणले की माणसाचा हात आपोआप मातीत जातो आणि पाहणारा गाव वेगळेच काही समजतो. देवराईत, राखणदाराच्या ठिकाणी व स्मशानाजवळ नोंदीसाठीही मानकऱ्यांना विचारल्याशिवाय जाऊ नये. गावाने गाऱ्हाणे घालून, नारळ ठेवून मग सुरुवात करा असे सांगितले तर आनंदाने थांबावे. दहा मिनिटांचे गाऱ्हाणे ऐकले की त्या जागेच्या सीमा, देव आणि जुनी नावे आपोआप कानावर पडतात.

केव्हा जावे आणि कशापासून जपावे

जून ते सप्टेंबर कातळ शेवाळलेला असतो, ऑक्टोबरात भातकापणी असते आणि गवत कमरेपर्यंत असते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर, वणवे लागून गेले की गवताखाली लपलेले गडगे, खड्ड्यांच्या कडा व मळीचे ढीग अचानक उघडे पडतात. वणवा लावणे सर्वथा चूक आहे, पण लागून गेलेल्या सड्यावर लगेच फेरी मारणे शहाणपणाचे आहे.

सड्यावर सर्वांत जास्त भय फुरशाचे. हा हात-दीड हात लांबीचा साप दगडाखाली बसतो, अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतो आणि त्याचे विष रक्तावर परिणाम करते. त्यामुळे घोट्यावर येणारे बूट, जाड विजार आणि ‘काठीने उलटवल्याशिवाय दगडाला हात नाही’ हा नियम कोणालाही माफ नाही. विंचवाचेही तसेच, लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला असंख्य जीव वाचवले, तरी औषध गावापर्यंत पोहोचलेले असणे आणि आपण वेळेत तिथे पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निघण्यापूर्वी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे का ते प्रत्यक्ष विचारून यावे आणि एक गाडी चालकासह रिकामी ठेवावी. दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलपट्ट्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीतून पसरतो आणि त्याचा हंगाम नेमका आपल्या मोहिमेच्या महिन्यांत येतो, म्हणून तिथे जाण्यापूर्वी आरोग्य केंद्रात चौकशी करावी, अंगभर कपडे घालावेत आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता कळवावे.

खनिजाच्या बंद खाणीवर धोका वेगळा असतो. खड्ड्यात साठलेले हिरवट पाणी शांत दिसते, पण काठ उभा असतो आणि ओली तांबडी माती पायाखालून सुटते. काठापासून दहा पावले लांब राहावे आणि पोहण्याची गोष्टही काढू देऊ नये. बोगदा किंवा भुयार दिसले तर तोंडाबाहेरूनच छायाचित्र घ्यावे. आणि पेन्सिलीच्या तुकड्याएवढी, एका टोकाला वायर निघालेली धातूची नळी दिसली तर ती सुरुंगाची केप असू शकते. तिला हात, काठी, ब्रश काहीही लावू नये. सर्वांना मागे घेऊन ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे. जुनी स्फोटके कालांतराने निकामी होतात असे समजणे जीवावर बेतते.

प्रत्यक्ष दिवस

गट आठ ते दहा जणांचा असावा. एक जण प्रमुख, दोघे लिहिणारे, एक छायाचित्रे घेणारा, एक मोजमाप पाहणारा, एक फक्त सुरक्षेकडे लक्ष देणारा आणि गावातला एक वाटाड्या, ज्याला दिवसाची मजुरी ठरवून द्यावी. लिहिणाऱ्यांनी दुसरे कोणतेही काम करू नये, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या पहिल्या फेरीत लिहायला वेगळा माणूस नव्हता. दहा जणांनी उत्साहाने मळीचे तुकडे, खापऱ्या, काचा उचलल्या आणि एका गोणीत भरल्या. संध्याकाळी त्या खळ्यात पसरल्या तेव्हा कोणता तुकडा चढावरचा, कोणता ओढ्यातला, कोणता घराच्या चौथऱ्याजवळचा, हे एकालाही सांगता आले नाही. ती जागा नंतर रस्त्याच्या रुंदीकरणात गेली. त्या भट्टीविषयी आज आम्हाला काहीही सांगता येत नाही, आणि याची हळहळ मला अजून आहे.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. जागेच्या एका कडेला सुतळी बांधून सरळ रेघ धरावी, पाच-पाच मीटरवर एकेकाने उभे राहावे आणि सर्वांनी एकाच वेळी, सावकाश, डोळे पायाजवळ ठेवून चालावे. काही दिसले की तिथेच रंगीत चिंधी बांधलेली काडी रोवावी आणि पुढे जावे. वस्तू उचलू नये. रेघ संपली की काड्यांकडे परत यावे. प्रत्येक काडीला क्रमांक द्यावा, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि मोबाइल पाचदहा मीटर चुकू शकतो हे लक्षात घेऊन एखाद्या न हलणाऱ्या खुणेपासून, म्हणजे विहिरीचा कठडा, सड्यावरचा मोठा धोंडा किंवा हद्दीचा दगड यांपासून, टेपने अंतर मोजावे. छायाचित्रात मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण हवा. एक छायाचित्र जवळून आणि एक दहा पावले मागून, म्हणजे परिसर दिसेल. मग वही: क्रमांक, वस्तू, माप, कशावर पडली होती, शेजारी काय होते, कोणी पाहिली. सामान एवढेच: सुतळी, तीस मीटरचा टेप, काड्या, मऊ ब्रश, भिंग, लोहचुंबक, पेन्सिली आणि जाड पुठ्ठ्याची वही. कुदळ, टिकाव, पहार घरी ठेवावीत. सोबत असली की वापरली जातात.

‘शेजारी काय होते’ या रकान्याचे मोल ज्याला पटत नाही त्याने सोपाऱ्याची गोष्ट जरूर माहीत करून घ्यावी, आणि ती उत्तर कोकणातलीच आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप उकलला. आत दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. करंडकात एकात एक अशा डब्या निघत गेल्या आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत निघाले ते मातीच्या भांड्याचे तुकडे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने जपलेले. तांब्याच्या करंडकात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे चांदीचे नाणे होते, तर बाहेरच्या मूर्ती त्या नाण्याहून कित्येक शतकांनी अलीकडच्या. कोणती वस्तू कशाच्या आत आणि कशाच्या बाहेर होती हे पंडितांनी नीट नोंदले, म्हणूनच ठेवा एकदा ठेवला गेला आणि पुढे केव्हातरी पुन्हा हाताळला गेला असा अर्थ अभ्यासकांना लावता आला. त्याच वस्तू एखाद्या गोणीतून आल्या असत्या तर सोने तेवढे ओळखले गेले असते.

हाती आलेले ओळखणे

धातुमळी आणि जांभा यांची गफलत पहिल्या दिवशी सर्वांची होते. जांभ्याचा खडा तांबडा-पिवळा, भोकाभोकांचा, मातकट असतो. मळी काळसर, वजनाला जड, काही जागी काचेसारखी चमकणारी, आत बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेली असते आणि तिच्या एका अंगाला घट्ट पाक ओतल्यावर पडाव्यात तशा वाहत्या वळ्या असतात. त्या वळ्या ही खरी खूण आहे. चुंबक मळीच्या काही तुकड्यांना ओढतो, पण काही खडेही ओढतो, तेव्हा त्यावर विसंबू नये. मळीच्या ढिगाजवळ भाजलेल्या मातीची बोटभर भोकाची नळी मिळाली आणि तिचे एक टोक वितळून काळे, काचेरी झालेले असले तर ती भात्याची नळी समजावी. जे टोक वितळले ते भट्टीच्या आत होते. एवढा तुकडा मिळाला तर मोहीम सार्थकी लागली.

चिरेखाणीत वस्तूंपेक्षा भिंती वाचाव्यात. हाताने काढलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर अवजाराचे आखूड, तिरके, थोडे वेडेवाकडे घाव असतात आणि कारागीर उजव्या हाताचा की डावखुरा याचाही त्यांच्या कलावरून अंदाज येतो; यंत्राने कापलेली भिंत सपाट असून तिच्यावर बारीक समांतर रेघा असतात. सूर्य कलता असताना, सकाळी आठपूर्वी किंवा दुपारी चारनंतर, हे घाव सावलीने उठून दिसतात. अशा सड्यावर कातळशिल्पे असू शकतात हे कायम ध्यानात ठेवावे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायी फिरून, गुराख्यांना विचारून अशी हजाराहून अधिक शिल्पे उजेडात आणली आणि कशेळी, उक्षी, कुडोपी यांसारखी ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्यांनी आधी चालले आणि विचारले. आपल्यालाही तोच कित्ता गिरवायचा आहे. कोरीव रेघ दिसली तर ती खरवडू नये, तिच्यात खडू किंवा रंग भरू नये. फक्त पाहून कळवावे.

खाणकामगारांच्या वस्तीवर काच, कौल आणि नाणे या तिघांवरून काळ लावता येतो. बाटलीच्या साच्याची शिवण थेट ओठापर्यंत गेलेली असेल तर ती यंत्राने केलेली, म्हणजे विसाव्या शतकातली. गळ्यात गोटी अडकलेली सोड्याची बाटली १८७२ च्या पेटंटनंतरची, याहून अधिक तिच्यावरून सांगता येणार नाही, कारण आपल्याकडे ती पुढे कित्येक दशके चालली. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते. बासेल मिशनचा मंगळूरजवळ जेप्पू येथील कारखाना १८६५ चा, पण कौलावर ते वर्ष छापलेले दिसले तरी ते कारखान्याच्या स्थापनेचे असते, त्या कौलाचे नव्हे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि ‘नये पैसे’मधला ‘नये’ हा शब्द १९६४ मध्ये गेला, त्यामुळे असे नाणे स्वतः कोणत्या वर्षांतले ते नेमके कळते. तरीही कोणतीही वस्तू ‘याच्या आधीची नाही’ एवढेच ठामपणे सांगते, आणि जागेचा काळ तिथल्या सर्वांत अलीकडच्या वस्तूवरून धरावा लागतो.

खणणे अटळच वाटले तर

पुरातत्त्वीय उत्खननाची परवानगी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून संस्थेला, प्रशिक्षित संचालकाच्या नावाने मिळते. हौशी गटाने ती मागण्यात अर्थ नाही. गटाची नोंद इतकी चांगली असावी की एखाद्या संस्थेला ती जागा खणावीशी वाटेल. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठाचा बहिःशाल विभाग ही दारे ठोठावण्यासारखी आहेत; बहिःशालच्या पुरातत्त्वाच्या वर्गात गटातल्या दोघांनी आधीच नाव घातले तर बोलण्याला वजन येते. उत्खनन झालेच तर आपले लोक स्वयंसेवक म्हणून माती चाळायला, नोंदी ठेवायला जातील आणि खरे शिक्षण तिथे मिळेल. आपल्याच अंगणात माडासाठी किंवा विहिरीसाठी खणताना काही निघाले तर काम तिथेच थांबवावे, खड्ड्यावर झावळ्या टाकाव्यात आणि तलाठ्यांमार्फत जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे.

उचलणे भागच पडले, समजा ओढा वस्तू वाहून नेत आहे, तर मालकाच्या लेखी संमतीने, क्रमांकासह, वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावी. लोखंड धुऊ नये, तेल लावू नये. किनाऱ्याजवळच्या मातीतले क्षार लोखंडात मुरलेले असतात. हवेत आले की ते दमटपणा ओढतात आणि महिन्याभरात पापुद्रे सुटून वस्तूचा भुगा होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती लवकरात लवकर जाणत्या हाती सोपवावी.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत, आठवण ताजी असताना, वहीवरून स्वच्छ अहवाल तयार करावा: नकाशा, क्रमवार यादी, छायाचित्रे आणि गावकऱ्यांनी सांगितलेले त्यांच्याच बोलीत. नेमके अक्षांश-रेखांश मात्र समाजमाध्यमांवर टाकू नयेत; ते फक्त पुरातत्त्व विभागाच्या प्रतीत असावेत. दुसरी प्रत ग्रामपंचायतीला, तिसरी शाळेला आणि चौथी जमीनमालकाला स्वतः नेऊन द्यावी, कारण त्यावर चहा घेताना कोणीतरी ‘आमच्या परड्यात पण तसला एक आसा’ म्हणते आणि पुढच्या नोव्हेंबरच्या फेरीची जागा तिथेच ठरते.